जुळलेली उत्तरं

"एकवीस तास कुठून आणलेत, आकडेबाई?" साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "चिठ्ठीत चार दिवस बारा तास छापलंय!"

आकडेबाईंनी कागद ओढून घेतला आणि चिठ्ठीशी ताडून पाहिला. वेधशाळेत सव्वीस वर्षं ग्रहांची आणि चंद्रांची गणितं करणारी बाई, आणि चूक काय, तर शाळकरी पोराची! चंद्राला ग्रहाभोवती एक फेरी मारायला किती वेळ लागतो, ते चिठ्ठीवर छापून येई. फेरीची लांबी काढायची, वेळेने भागायचं, की वेग हातात. या चंद्राचा वेग यायला हवा होता सेकंदाला सहा पॉइंट सहा तीन किलोमीटर. बाईंनी बाराचे एकवीस केले आणि काढला सहा पॉइंट एक दोन. चंद्राला त्याचं काय? तो आपल्या चालीने चालला आणि ग्रहामागून पंचवीस मिनिटं आधीच बाहेर आला. दुर्बिणीवरची मंडळी तेव्हा आरामात चहा पीत होती.

"चूक माझीच," बाई म्हणाल्या. "पण साहेब, अण्णांच्या उत्तराशी जुळलं होतं हो."

बोलता बोलता त्या थांबल्या. दोघांनी दोन खोल्यांत, एकमेकांचं न बघता गणित करायचं आणि उत्तरं जुळली तरच आकडा छापायला द्यायचा, हा तिथला दंडक. साहेबांनी अण्णांचा कागद पुढे सरकवला. त्यावरही एकवीस. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

पलीकडच्या खोलीतले अण्णा म्हणजे बाईंचे गुरूच. "आकडा टपोरा काढ, पोरी, लाजल्यासारखा नको," हे त्यांनीच शिकवलेलं. "दुसऱ्याचं बघून काढलेलं उत्तर उष्टं असतं," हेही त्यांचंच. बाई रोज चार वाजता पाण्याची बाटली भरायला खाली जात. कागद टेबलावर उघडाच राही. अण्णांपासून काय लपवायचं?

त्या तडक अण्णांच्या खोलीत गेल्या.

"अण्णा, एकवीस कसे आले?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चिठ्ठीवरचं बारीक छापील दिसत नाही गं आता. मुंग्या वळवळतात नुसत्या. तुझं अक्षर तेवढं दिसतं."

"कधीपासून?"

"झाली की नऊ वर्षं."

"नऊ!" बाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला सांगायचंत. मी वाचून दाखवली असती चिठ्ठी."

"आणि साहेबाला कळलं असतं तर? मला घरी बसवलं असतं. घरी कोण आहे माझं? आणि तुझं कधी चुकतच नाही, मग बिघडलं कुठे?"

बाईंना संताप आला आणि रडूही आलं. चुकत नाही म्हणे! चुकलं तर अण्णा आहेत, या भरवशावर त्या नऊ वर्षं निवांत झोपल्या होत्या. नऊ वर्षं उत्तर जुळलं की त्या मनातल्या मनात खूश व्हायच्या, गुरूने पाठीवर थाप मारल्यासारखं वाटायचं. ती थाप त्यांच्याच हाताची होती. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर म्हणे बिघडलं कुठे!

"साहेबांनी लेखी मागितलंय," त्या उठल्या.

"माझं नाव घालू नकोस. चुकून जुळलं म्हण. दोघांची एकच चूक होऊ शकते की."

"होऊ शकते. पण नाही झाली, अण्णा."

त्यांनी टपोऱ्या अक्षरात दोनच ओळी लिहिल्या. 'चूक माझी आहे. नऊ वर्षांची उत्तरं दुसऱ्या कोणीही तपासलेली नाहीत.' अण्णांचं नाव घातलं नाही. घालायची गरजही नव्हती.

आठवड्याभरात अण्णा घरी बसले. जाताना ते दाराशी थांबले, पण बाईंनी मान वर केली नाही. केली असती तर त्यांनी अण्णांना थांबवून घेतलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

नऊ वर्षांचे तक्ते आता त्यांच्यासमोर रचलेले होते. सगळे चंद्र पुन्हा पहिल्यापासून. चार वाजले तशी बाईंनी बाटली उचलली. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. टेबलावरचा कागद खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली.

पलीकडची खोली रिकामीच होती.