पहिला घोट

रूपलानं वाटीतले दोन थेंब निखाऱ्यावर शिंपडले. भपकन निळी ज्वाळा उठली आणि ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या माना डोलल्या. दारू पहिल्या धारेची होती, तीही एकाच माठातली. दारूबंदीच्या दिवसांत त्याच्या बायकोनं, धनीबाईनं, तो मोहाचा माठ नाल्याकाठी पळसाखाली पुरून ठेवला होता आणि कालच भट्टी लावून एवढी एक बाटली उतरवली होती. लेकीच्या सगाईला याहून कमी तिला चाललं नसतं.

वाटी नाकाशी नेताच रूपलाचा जीव हलला. वासावरून दारू पारखण्यात थेट अनसिंगपर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी उन्हात वाळलेल्या मोहाचा गोडवा, मागून धूर आणि अगदी शेवटी पिकल्या बोराचा वास. अशी आजवर उतरली नव्हती. त्यानं वाटी खाली ठेवली आणि नवऱ्या मुलाच्या आजोबापुढे, तांड्याचा नायक असलेल्या हरिसिंगापुढे, सरकवली.

"असं कसं, रूपला? पोरीच्या बापाचा घोट पयला. मंग आमी."

"माह्या पोटाले चालत नाही, नायक. सात साल झाले, सोडली म्या."

"एका घोटानं काय होते? बापजाद्यापासून रीत हाय. का ही सोयरीक तुह्या मनात नाही? तसं असन तर सांग, आमी आल्या पावली जातो."

दाराआड लेकीच्या, सोनीच्या, बांगड्या वाजायच्या थांबल्या.

पोटाचं दुखणं लोकांना सांगण्यापुरतं होतं. सात वर्षांपूर्वी बाळंतपणात मूल गेलं आणि धनीबाईही हातची चालली होती. तेव्हा रूपला अनवाणी पोहरादेवीला गेला आणि बोलून आला, ही वाचली तर दारू ओठाला लावणार नाही. ती वाचली. नवस बोलून दाखवला की उलटतो, असं त्याची आई सांगायची. म्हणून त्यानं बायकोलाही तो सांगितला नव्हता. आता एकीकडे लेकीचं लग्न, दुसरीकडे तिच्या आईचा जीव. इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं वाटी उचलली खरी, पण अर्ध्यावरच ती कलली आणि दारू बोटांवर सांडली.

मागून धनीबाई आली आणि तिनं वाटी त्याच्या हातातून काढून घेतली.

"माठ माहा, भट्टी माही," घुंगट पुढे ओढत ती हरिसिंगाला म्हणाली. "पोरगी बी म्याच जलमाले घातली. पयला घोट माहाच, नायक."

हरिसिंग काही बोलायच्या आत तिनं तोंड फिरवून घोट घेतला. जन्मभर भट्टी लावली, पण थेंब कधी चाखला नव्हता बाईनं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं ओठावर उरलेला थेंबही जिभेनं टिपला.

म्हातारा खदखदून हसला. "वाघीण हाय! आण इकडं."

वाटी फिरली, गूळ वाटला गेला, सोयरीक पक्की झाली. बाटली तर पाहुण्यांनी उलटी करून झटकली.

दुपार कलल्यावर पाहुण्यांची गाडी इंझोरीच्या वाटेला लागली. धनीबाई अंगणात राखेनं वाटी घासत होती. रूपला तिच्याजवळ येऊन बसला.

"कशी व्हती?"

तिनं मान वर केली नाही.

"आंबूस. लय कडू. सात साल तुमी काहीच गमावलं नाही."

नवसाचं तुला कधीपासून ठाऊक होतं, हे विचारायचं अगदी रूपलाच्या ओठांवर आलं होतं. बोटांना अजून वास येत होता, मोहाचा आणि पिकल्या बोराचा. त्यानं हात मातीत चोळले.

"मले वासावरूनच समजलं व्हतं," तो म्हणाला, "बिघडली म्हणून."