इन्सुलिनचं विसर्जन

अंधेरीच्या त्या हॉलमध्ये चपला काढायलाही जागा उरली नव्हती. मंचावर निसर्गमहाराज हिरव्या रसाचा पेला उंचावून गरजत होते, "चरबीच्या पेशीतला झोपलेला जीन हा रस जागा करतो! हार्मोन सुटतात, चरबी वितळते, साखर पळते! विज्ञानानं सिद्ध केलंय! फक्त त्या विषाचं विसर्जन करा!"

आणि लोकांनी ते खरंच केलं होतं. वर्सोव्याच्या खाडीवर आरती म्हणून, नारळ फोडून, इन्सुलिन टोचायची पेनं गणपती पोचवावा तशी पाण्यात सोडली होती. त्या लोकांत शर्मिष्ठाची रत्नप्रभा मावशीही होती.

मागे उभ्या शर्मिष्ठाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वनस्पतींतल्या द्रव्यांनी चरबीच्या पेशींतल्या हार्मोनच्या जीनवर काय परिणाम होतो, हेच ती प्रयोगशाळेत तपासत असे. तिच्याच विषयाचे शब्द उचलून हा भामटा दुकान चालवत होता.

"या माउलीला बघा, किती बारीक झाली!" महाराजांनी मावशीलाच पुढे केलं. टाळ्या कडाडल्या. मावशीचे गाल बसले होते, ओठ सुकले होते. हातातली पाण्याची बाटली ती सोडत नव्हती.

शर्मिष्ठा तडक मंचावर चढली. पर्समधलं साखर मोजायचं यंत्र काढून तिने मावशीचं बोट टोचलं.

"अगो, माका काय झाला नाय," मावशी पुटपुटली.

यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मापाच्याही वर गेली होती.

शर्मिष्ठाने माईक हिसकावला. "कसला जीन नि कसला रस! इन्सुलिन बंद केलं की साखर पेशींत जातच नाही, लघवीवाटे वाहून जाते. मग उपाशी शरीर स्वतःचीच चरबी खातं, स्नायू खातं. ही मावशी बरी होत नाहीये, झिजतेय!"

"पण संशोधन आहे ना?" कुणीतरी ओरडलं.

"आहे ना! मीच करते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. बशीला ना पोट, ना लिव्हर, ना किडनी. तिथे दिसलं ते माणसात होतं का, हे वर्षानुवर्षं तपासावं लागतं. आरती म्हणून कळत नाही."

महाराजांनी हळूच मागचं दार गाठलं. मावशी शर्मिष्ठाच्या खांद्यावर रेलली. "हात जोडून पाण्यात सोडलंय गो मी," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

"आता तोच हात सलाईनला पुढे कर. चल, हॉस्पिटलात जायचंय."

जाता जाता शर्मिष्ठाने समोर पाहिलं. रांगेमागून रांगेत लोक पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावत होते. सगळ्यांना मावशीसारखीच वाढल्या साखरेची तहान लागली होती.

"इन्सुलिन सोडलेल्या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा!" ती जीव तोडून ओरडली. "आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा, कशावरून?"