बेलतेलाच्या चिंध्या

प्रेमराज नाना एसटीतून निवृत्त झाल्यावर धरणगावात घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लाकूडकाम करत. मुलगी मोहिनी जळगावच्या विमानतळावर नोकरीला लागली, म्हणून तिच्यासाठी त्यांनी सागवानाचं हातभर विमान केलं होतं. मे महिना होता. नानांनी पॉलिश पेपरने विमान गुळगुळीत घासलं, भुसा पुसला. लाकडाची छिद्रं बुजावीत म्हणून जुन्या बनियनच्या चिंध्यांनी बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात दिले. वाळल्यावर पांढरा ऑइलपेंट लावायचा होता. चिंध्यांचा बोळा खोक्यात टाकून, दार ओढून ते जेवायला गेले.

चारच्या सुमारास त्यांच्या पत्नी कुंदाबाई ओरडल्या, "अहो, धूर!"

दार उघडलं तर खोक्यातून जाळ निघत होता. कुंदाबाईंनी हौदातल्या दोन बादल्या ओतल्या. आग विझली. फळीवरच्या विमानाचा एक पंख काळा पडला होता.

नानांनी ओलं खोकं काठीने उकरलं. "काय शे हाई? पेटलं कसं?"

कुंदाबाई त्यांच्याकडे वळल्या. "परत बिडी सुरू केली ना?"

दीड वर्षापूर्वी हृदयविकाराचा झटका आल्यापासून नानांनी बिडीला हात लावला नव्हता.

"तुझ्या गळ्याची शपथ, कुंदा."

"माझी शपथ घेऊ नका. खोलीत तुमच्याशिवाय कोण जातं?"

आगीने हादरले नव्हते तेवढे नाना या बोलण्याने हादरले. आपण ओढली आणि विसरलो तर नाही, अशी शंका रात्री नानांना स्वतःचीच येऊ लागली.

सकाळी आगीचं ऐकून फर्निचरला पॉलिश करणारे हबीबभाई आले. त्यांनी जळका बोळा हुंगला.

"नाना, तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या होत्या?"

"हो."

"मग त्याच पेटल्या. हे तेल वाळताना गरम होतं. बोळ्यात उष्णता कोंडते."

"चिंधी कधी आपोआप पेटते का, भाऊ?" कुंदाबाई म्हणाल्या. "यांना पाठीशी घालू नका."

हबीबभाई वाद घालत बसले नाहीत. चिंध्या तेलात बुडवून, पिळून त्यांनी घट्ट बोळा केला, तो खोक्यात घातला आणि खोकं लोखंडी घमेल्यात ठेवून अंगणात उन्हात नेलं. शेजारी पाण्याची बादली. तिघं ओसरीवर बसले. तास गेला, दोन तास गेले. काहीच होईना. कुंदाबाई भाकरी टाकायला उठणार, तोच खोक्यातून धुराची बारीक रेघ निघाली. जवळ कोणी नव्हतं. काडी नव्हती. बघता बघता पुठ्ठा काळवंडला आणि भप्पकन जाळ झाला.

कुंदाबाईंनी तोंडावर पदर धरला. हबीबभाईंनी पाणी ओतलं.

"चिंध्या नेहमी मोकळ्या पसरून वाळवायच्या," एवढं सांगून ते गेले.

कुंदाबाई म्हणाल्या, "दीड वर्ष रोज तुमच्या शर्टाचे खिसे हुंगते मी. एकदाही वास आला नाही. तरी काल..."

नानांनी चकित होऊन विचारलं, "रोज?"

"रोज."

नानांना राग आला, पण तो टिकला नाही. ते खोलीत गेले, काळ्या पंखाचं विमान घेऊन आले आणि पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा त्यांनी कुंदाबाईंच्या हातात दिला.

"घास. पण लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवं नाही."

कुंदाबाई दिवेलागणीपर्यंत घासत बसल्या.