दोन डोळ्यांचं इंजिन

ही गोष्ट १९९३ सालची. सालात माझी चूक होणार नाही, कारण त्याच वर्षी मला जव्हारच्या शाळेत पंचवीस वर्षं पूर्ण झाली आणि शाळेने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आमच्या ह्यांनी ते घरी आणल्याबरोबर स्वयंपाकघरात टांगलं. बाहेरच्या खोलीत जागाच नव्हती. तिथे इंजिनांचे फोटो होते.

हे म्हणजे हेमंतराव, प्रकल्प कार्यालयात लिपिक. सगळं जव्हार त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. जव्हारला रेल्वे नाही, तेव्हाही नव्हती. एसटीत बसून घाट उतरल्याशिवाय रूळ दिसत नाही. अशा गावात राहून ह्यांना इंजिनाचं वेड होतं, आणि तेही साध्यासुध्या इंजिनांचं नाही. गोव्याच्या सीमेवरच्या घाटातून लोहखनिजाच्या गाड्या उतरवणारी छोट्या रुळांवरची जुनी डिझेल इंजिनं, बस, तेवढीच. तरुणपणी मित्राच्या लग्नाला गोव्याला निघाले असताना, घाट उतरल्यावर पुढच्या रुळांवर दरड कोसळली आणि पायथ्याच्या कुळे स्टेशनात त्यांना अख्खा दिवस बसावं लागलं. संध्याकाळी रस्ता मोकळा झाला आणि पुढे तीन इंजिनं लावलेली खनिजाची गाडी वरून खाली आली. लग्न चुकलं, पण त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी रजा काढून हे कुळ्याला जायचे. फलाटाच्या टोकाला बसून इंजिनांचे नंबर वहीत टिपायचे. लग्नानंतर मीही जाऊ लागले. पहिल्यांदा लोकरीचं विणकाम घेऊन गेले. तिसऱ्या खेपेला विणकाम घरी राहिलं. भरलेली गाडी घाट उतरताना आधी ब्रेकचा वास येतो, तापलेल्या तव्यासारखा, मग जमीन हलते, मग आवाज येतो. हा क्रम मला एकदा कळला आणि मी त्याची वाट बघायला शिकले.

हे इंजिनाला नेहमी 'तो' म्हणायचे. तो दमतो, तो घाटात खाली बघत बघत उतरतो. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ ह्यांच्या बोलण्यातच होतं.

त्या पावसाळ्यात नाशिकच्या रेल्वेप्रेमी मंडळींचं पत्र आलं. दिवाळीनंतर इंजिनांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. पहिल्या आलेल्या प्रतिकृतीच्या मालकाला आणि त्याच्यासोबत एका माणसाला त्याच घाटात खनिजाच्या गाडीच्या इंजिनात, चालकाशेजारी बसून खाली उतरायला मिळणार होतं. रीतसर परवाना काढलेला होता. घाटातले अरुंद रूळ काढून रुंद घालायचं ठरलं होतं. ही इंजिनं आता थोड्या दिवसांची सोबती होती.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पुष्पा, वीस वर्षं मी त्याला बाहेरून बघतोय."

अडचण एकच होती. ह्यांना नकाशा उत्तम काढता यायचा, पण हातात सुरी दिली तर काकडीही सरळ कापता येत नसे. तेव्हा त्यांना रघू आठवला.

रघू खोडाळ्याजवळच्या पाड्यावर राहायचा. शेती भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, पण ओळख मुखवट्यांची. आमच्याकडे गावोगाव बोहाडा होतो. देवदेवतांची, राक्षसांची सोंगं नाचतात, आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. त्या सोंगांचे मुखवटे रघूच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले. रद्दीचा लगदा, चिंचोक्याची खळ, आत बांबूच्या कामट्या. ह्यांच्या कार्यालयात तो कसल्याशा दाखल्यासाठी यायचा, तिथली ओळख.

एका रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो. ह्यांनी अंगणात नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. दोन हात लांब इंजिन, प्रत्येक जाळी, प्रत्येक पायरी मापात.

रघू उकिडवा बसून बघत राहिला. "भाऊसाहेब, मी रेल्वे नाय बघली कधी."

"फोटो आणलेत की."

"फोटूत एकच बाजू दिसं."

त्याची बायको, सुकी, नागली पाखडत होती. ती सूप न थांबवता म्हणाली, "ह्याने राक्षस तरी कुठं बघलाय? तरी करतो ना दर साली."

"राक्षस मी रोज बघतो," रघू म्हणाला. "सूप घेऊन बसलेला असतो."

सुकीने मूठभर कोंडा त्याच्याकडे उडवला आणि काम ठरलं.

त्यानंतर दर रविवारी हे खोडाळ्याला. जाताना फोटो, येताना कपड्यांना खळ. रघू काम करायचा आणि हे त्याला इंजिनाबद्दल सांगत बसायचे. तो कसा श्वास घेतो, उतारावर कसा कण्हतो. एकदा ह्यांनी कुळ्याहून आणून ठेवलेली बाटली काढली. तिच्यात फलाटावरून गोळा केलेली खनिजाची तांबडी धूळ होती. रघूने ती चिमटीत धरली, जिभेला लावली आणि रंगात मिसळली. इंजिनाला जो रंग चढला, तो मी कुठल्याही दुकानात पाहिलेला नाही. नुसत्या विटकरी रंगावर नांगरलेल्या मातीची झाक.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी आम्ही ते न्यायला गेलो. रघूने आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. इंजिन ओसरीवर पाटावर ठेवलेलं, पुढे तांदळाच्या पिठाची रेघ, वर झाकायला कापडाचा धडपा. त्याने धडपा काढला.

सगळं तंतोतंत होतं. जाळ्या, पायऱ्या, कठडे, बाजूला नंबर. आणि समोर, जिथे एकच गोल दिवा हवा होता, तिथे दोन मोठे डोळे. पांढरेशुभ्र, काळ्या कडांचे, खाली बघणारे.

हे वाकून जवळून बघू लागले.

"रघू," शेवटी हे म्हणाले, "हे काय केलंस?"

"आज पहाटे डोळे उघडले त्याचे," रघू आनंदात म्हणाला. "उपास होता माझा."

"अरे, पण इंजिनाला डोळे नसतात. दिवा असतो. नकाशात दिवा होता."

रघूचा चेहरा उतरला. "दिवा बघला मी. वाटलं, डोळ्याची जागा दावलीत." मग तो म्हणाला, "तुम्हीच सांगलंत ना, तो घाटात खाली बघत बघत उतरतो? डोळ्याबिगर कसा बघल तो? आणि भाऊसाहेब, आमच्या घरातून आंधळं तोंड उंबऱ्याबाहेर जात नाय. माझ्या बापाच्या हातून गेलं नाय, माझ्या हातून नाय जायचं."

नियमाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की प्रतिकृती मूळ इंजिनाबरहुकूम हवी. हे मला पाठ होतं, कारण ह्यांनी तो कागद रोज मोठ्याने वाचला होता.

"पुसता येईल?" ह्यांनी विचारलं.

"येल ना. रंग आहे तो. पण उघडलेले डोळे मी नाय झाकणार." रघूने रंगाची वाटी आणि कुंचला ह्यांच्यासमोर सरकवला. "इंजिन तुमचं आहे. तुम्ही झाका."

हे खाली बसले. कुंचला बुडवला. डोळ्यापर्यंत नेला. तांबड्या रंगाचा एक थेंब पाटावर पडला. सुकीने हातातलं सूप खाली ठेवलं, आणि असं नेहमी घडत नसे. ते इंजिन ह्यांच्याकडे बघत होतं, आणि हे त्याच्याकडे.

मग ह्यांनी कुंचला वाटीत ठेवला. "चला, एसटी चुकेल," म्हणाले. "रघू, तूही चल. तूच सांग त्यांना हे कसं झालं ते."

"मीपण येतंय," सुकी म्हणाली. "ह्याला सांगता येत नाय काही."

एसटीत ह्यांनी इंजिन मांडीवर घेतलं होतं. वाहकाने विचारलं, "कुठला देव?"

"इंजिन आहे ते," हे म्हणाले.

वाहक वाकून डोळ्यांकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला, "पण खिडकीशी बसवा त्याला. डोंगर बघू दे." आणि खिडकीजवळच्या प्रवाशाला त्याने खरोखरच उठवलं.

प्रदर्शनात बावीस इंजिनं होती. आमच्या टेबलापाशी लोक येत, हसत, दुसऱ्यांना बोलावून आणत. परीक्षकांपैकी दोघांनी नियमाचा कागद बघून मान हलवली. तिसरे गोकुळदास नार्वेकर, त्याच घाटात तीस वर्षं इंजिन चालवून निवृत्त झालेले. त्यांनी बोट ओलं करून इंजिनाच्या पाठीवर फिरवलं आणि वास घेतला.

"ही कुळ्याची धूळ," ते म्हणाले. "कोणी केलं हे?"

रघू पुढे झाला. नार्वेकरांनी त्याला विचारलं, "डोळे खाली का?"

"उतार आहे ना."

नार्वेकर हसले. "माझे पण खालीच असायचे."

पण नियम तो नियम. पहिला क्रमांक धनेश पगार नावाच्या नाशिकच्या टर्नरला मिळाला. त्याचं पितळी इंजिन खरंच अप्रतिम होतं, चाकंसुद्धा फिरत. ह्यांनी जाऊन त्याचा हात हातात घेतला. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते, आणि चष्मा स्वच्छच होता.

नार्वेकर हे सगळं बघत होते. ते धनेशला म्हणाले, "तुझ्यासोबत कोण येणार?"

"कोणी नाही. बायको म्हणते, पितळ बघून कंटाळा आला, आता लोखंड कशाला."

"मग ती जागा ह्या टेबलाला दे."

धनेशने क्षणभरही विचार केला नाही. "देतो की. मलाही गप्पा मारायला कोणी तरी हवंच."

जागा एकच होती. हे रघूकडे वळले. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते फक्त मला माहीत होतं. वीस वर्षं. तरी ते सरळ म्हणाले, "तू जा, रघू. तू इंजिन पाहिलेलंच नाहीस, ही चूक माझी आहे. आधी तुला दाखवायला हवं होतं."

रघू चक्क रागावला. "असं कसं? मुखवटा करणारा सोंग घेत नाय. ज्याचं सोंग, त्याने नाचवायचं. मी घेतलं तं गाव मला हसल."

"अरे, इथे गाव कुठे आहे?"

"ही आहे ना," रघूने सुकीकडे बोट दाखवलं. "हिला कळलं म्हणजे गावाला कळलं."

"मी तं आजच सांगणार," सुकी म्हणाली.

असं ते ठरलं. पण रघूने इंजिन बघायचंच, हे ह्यांनी सोडलं नाही. डिसेंबरात भात झोडून झाल्यावर आम्ही चौघं आणि धनेश निघालो. मिरजेपर्यंत मोठी गाडी, पुढे छोट्या रुळांची. दुसऱ्या दिवशी हे आणि धनेश कुळ्याहून सकाळच्या गाडीने वर घाटावर गेले. मी, रघू आणि सुकी कुळ्याच्या फलाटाच्या टोकाला, ह्यांच्या नेहमीच्या जागी बसलो. सुकीने नागलीच्या भाकरी आणि ठेचा सोडला. दुपार झाली.

अचानक रघूने घास थांबवला. "काही तरी तापलंय."

"थांब," मी म्हटलं. "आता जमीन हलेल."

जमीन हलली. मग आवाज आला. मग वळणावरून ती आली, तीन इंजिनं एकामागे एक आणि मागे संपता संपेना अशी तांबड्या मातीने भरलेल्या डब्यांची रांग. इंजिनं कण्हत होती, चाकांतून धूर निघत होता. रघू उठून उभा राहिला.

"एकच डोळा," तो पुटपुटला. "बाई, ह्याला खरंच एकच डोळा आहे."

गाडी हळू होत आमच्यासमोर आली. पहिल्या इंजिनाच्या खिडकीतून एक माणूस अर्धा बाहेर वाकला होता. सगळा घाट तो तसाच आला असणार, कारण केसांपासून गळ्यापर्यंत तो धुळीने तांबडा झाला होता आणि तोंडावर डोळे तेवढे पांढरे होते. त्यांना ओळखायला मला वेळ लागला. मी त्या माणसाबरोबर अठरा वर्षं संसार केला होता.

सुकी तोंडाला पदर लावून हसू लागली. रघू मात्र हसला नाही. त्याने आधी इंजिनाकडे, मग त्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "दोनच आहेत. मी बरोबर केलं होतं."

ह्यांनी खाली उतरल्यावर तोंड धुतलं नाही. मिरजेपर्यंत तसेच आले.

त्यानंतरच्या बोहाड्यात रघूने हट्टाने इंजिन आणायला लावलं. डोळे उघडलेलं सोंग एकदा तरी नाचलं पाहिजे म्हणाला. पंचांनी देवांच्या रांगेत ते घ्यायला नकार दिला, पण सगळ्यांच्या पुढे, गमतीच्या सोंगांत चालू दिलं. ह्यांनी ते डोक्यावर धरून संबळाच्या तालावर खोडाळ्याच्या बाजारातून नाचवलं. लिपिकाला शोभेल इतपतच नाचले.

घाटातले अरुंद रूळ पुढच्या काही वर्षांत निघाले. नार्वेकर दर दिवाळीला पत्र पाठवायचे, २००४ नंतर पत्र आलं नाही. धनेशने नंतर नाशिकला मुलांना प्रतिकृती शिकवायचा वर्ग काढला. त्याच्या बायकोला आता पितळ आवडतं, असं तो सांगतो. रघू २०११ मध्ये गेला, शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत मुखवटे करत होता. सुकी आहे. कान गेलेत, तोंड नाही. मुखवट्यांचं काम आता त्यांची मुलगी रविना करते, आणि लोक बघायला लांबून येतात.

हे सहा वर्षांपूर्वी गेले. झोपेत, सकाळी. आदल्या दिवशी वही काढून जुने नंबर वाचून दाखवत होते.

इंजिन माझ्याकडे आहे, बाहेरच्या खोलीत, घड्याळाखाली. घड्याळाला आता तिथे जागा झाली आहे. मागच्या उन्हाळ्यात रंग उडाला म्हणून रविनाला बोलावलं. बाटलीच्या तळाशी धूळ थोडी उरली होती, ती तिने रंगात मिसळली. काम संपत आल्यावर तिने विचारलं, "बाई, दिवा करू का एक? खऱ्यासारखा?"

मी म्हटलं, "नको. तुझ्या बापाने नीट बघून केलेत ते."