नवव्या प्लेटमधली अळी

लोरेटाने प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावर मिलिमीटरभर लांबीची, सूत्रकृमी जातीची अळी उचलली, काचपट्टीवर ठेवली, ती मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि भिंगाला डोळा लावला.

"नाही," ती म्हणाली.

नोएलने वहीत बाराव्या प्लेटसमोर शेवटची खूण केली. मोजणी संपली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. सुधारलेला शोधनिबंध पाचपर्यंत संपादकांकडे जायचा होता. तो गेला नाही, तर टोरांटोतला दुसरा गट तोच शोध आधी छापणार, हे त्याला ठाऊक होते.

बावीस अक्षरांची एक इवलीशी आरएनए साखळी अळीच्या पेशींना बालपण संपल्याचे कळवते. तिच्यातले एक अक्षर बदलले, तर अळी एक कात उशिरा प्रौढ होते, हा नोएलचा चार वर्षांचा दावा. प्रौढ अळीच्या कातडीवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा उमटतात. त्या आहेत की नाहीत, एवढेच पाहायचे. मात्र पहिली मोजणी नोएलने स्वतःच केली होती आणि परीक्षकांनी ती नाकारली होती: कोणती प्लेट बदललेल्या अळ्यांची, हे मोजणाऱ्याला ठाऊक असता कामा नये. म्हणून आज प्लेटांवर नुसते आकडे होते, आणि भिंगापाशी एकतीस वर्षे अळ्या उचलणारी लोरेटा.

त्याने पाकीट फोडून यादी काढली. सहा प्लेटा बदललेल्या, सहा साध्या. बाराच्या बारा जुळल्या.

"लोरेटा, तुम्ही देवमाणूस आहात!"

"खाली बस," ती म्हणाली. "तिसऱ्या प्लेटपासून मला ओळखू येत होत्या."

"काय?"

"तुझ्या अळ्या. तार लागली की डोकं आत मुडपतात. साध्या नाही मुडपत."

नोएल हसू लागला. ते हसू अर्ध्यावरच राहिले.

"मुडपू देत की! रेषा असेल तर असेल, नसेल तर नसेल. त्यात तुमच्या ओळखण्याचा काय संबंध?"

"नवव्या प्लेटमधली अकरावी. पुसट होती. मी 'नाही' म्हणाले. साध्या प्लेटमधली असती, तर 'आहे' म्हणाले असते."

"दोनशे चाळीसमधली एक अळी!"

"मला आठवते ती एक."

तिने ती काचपट्टी वेगळी ठेवली होती. नोएलने ती भिंगाखाली सरकवली. रेषा होती. स्क्रू किंचित फिरवला; नव्हती. पुन्हा फिरवला, होती. पाकिटातला कागद अजून त्याच्या डाव्या हातात होता.

"काय दिसतंय?" लोरेटाने विचारले.

त्याने दिवा बंद केला.

"चौथ्या मजल्यावर फळमाश्यांवर प्रयोग करतात, त्या माशीवाल्यांना बोलावू मोजायला."

"माशीवाले?" लोरेटाने नाक मुरडले. "अरे, त्यांना अळीचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं, तेही कळत नाही."

"म्हणूनच."

"आणि पाचचं काय?"

"अळ्या वयात यायला अडीच दिवस लागतात," तो म्हणाला. "पाच वाजून जातील."

त्याने बारा कोऱ्या प्लेटा टेबलावर मांडल्या, आकडे घालण्याचे पेन तिच्या हाती दिले आणि कोणत्या अळ्यांना कोणता आकडा, ते दिसू नये म्हणून तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवले. समोरच घड्याळ होते.