प्राणवायू संपत आलाय, पान उलटा

मी एक खेळायचं पुस्तक बोलतोय. हो, नुसतं वाचायचं नव्हे, खेळायचं! माझ्यात तुम्ही एका बिघडलेल्या अंतराळयानाचे कप्तान असता आणि यान घरी पोचवायचं असतं. समोर बंद दार येतं. उघडायचं असेल तर अमुक पानावर जा, पळ काढायचा असेल तर तमुक पानावर. निवड चुकली की खेळ खलास, पुन्हा पहिलं पान.

छापखान्यातला बांधणीवाला मला चाळून वैतागलाच होता. "पानं उलटसुलट लागली की काय!" म्हणाला. तिथून मी दुकानात गेलो आणि दुकानातून एका चष्मेवाल्याच्या पिशवीत.

चष्मेवाला दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावी आणि घरी आला की स्वतः वाचत बसे. फळीवर माझ्या एका बाजूला विज्ञानकथा, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांची, मेंदूची, कृष्णविवरांची जाडजूड पुस्तकं. ही जाडी मंडळी भारी शिष्ट. आमच्यात सगळं खरं असतं, असा त्यांचा तोरा. विज्ञानकथा नाक मुरडून म्हणायच्या, की आज आमच्यात येतं तेच उद्या तुमच्यात येतं. मी आपला मधे अंग चोरून उभा. चष्मेवाल्याचा जीव मात्र सगळ्यांवर सारखाच. परग्रहवासी आले की तो खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा, आणि तारा कसा मरतो हे वाचताना तो खरोखर डोळे पुसायचा.

माझ्याशी तेवढी तो लबाडी करी. पुढच्या पानावर जाताना मागच्या पानात बोट घालून ठेवायचा. संकट दिसलं की लगेच मागे! कधीकधी चार पानांत चार बोटं अडकलेली आणि नाक खाजवायला हात मोकळा नाही. त्यामुळे तो कधी मेला नाही, पण घरीही पोचला नाही. एका पानावर लिहिलंय, 'प्राणवायू संपत आलाय. पुढे जायचं, की मागे फिरायचं?' तिथून तो दर वेळी मागे फिरला. सगळी पानं चाळून शेवट शोधावा, तर तेवढी लबाडी त्याच्या मनाला पटत नसे. वर माझ्याच नावाने बोटं मोडायचा, "लेखकाने शेवट लिहिलाच नाही!" अहो, शेवट माझ्या पोटात होता. पण सांगणार कसा?

मग त्याची लेक पुढच्या शिक्षणासाठी परत घरी येणार असं ठरलं. चष्मेवाल्याची बायको रुग्णालयात परिचारिका. बोलणं रोखठोक.

"अहो, पोरीला खोली लागेल. निम्मी पुस्तकं काढा आता."

चष्मेवाला फळीसमोर कितीतरी वेळ रडवेला उभा राहिला. कुणालाच हात लावेना. शेवटी माझ्याकडे वळला. "हे जाऊ दे रद्दीत. नाहीतरी अपुरंच आहे." मी खोक्यात पडलो आणि माझं धाबं दणाणलं. माझ्या मागोमाग कृष्णविवरांचं पुस्तकही येऊन पडलं. त्याचा तोरा पार उतरला होता.

खोकं बांधायला बायको आली. दोरी बाजूला ठेवून मला उघडलं. "बघू तरी, इतकी वर्षं काय करत होतात ते."

थोड्याच वेळात ओरडली, "अहो, मेले मी!"

"मागच्या पानात बोट ठेवायचं असतं."

"कशाला? मेले तर मेले. पुन्हा पहिल्यापासून."

ती पुन्हा मेली. पुन्हा खेळली. दूध उतू गेलं, तरी उठली नाही. वाटेतल्या कृष्णविवराला वळसा घातला, गळकं इंजिन बंद केलं आणि शेवटी त्या पानावर आली. चष्मेवाला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"इथून मागे फिर. पुढे काही नाही."

"संपत आलाय म्हणजे संपलेला नाही," ती म्हणाली. "एवढ्याशा श्वासावर माणसं उठून बसलेली पाहिलीत मी."

आणि तिने पान उलटलं. मग आणखी एक. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला.

"पोचले बाई घरी!"

"काय? दाखव, दाखव!"

तिने मला पटकन मिटलं. "स्वतः खेळा. बोटं बाहेर ठेवून."

मी आनंदाने फुगलो होतो, पण खोकं अजून तिथेच होतं. तिने त्यात हात घातला आणि ते जाडं पुस्तक वर काढलं.

"अहो, त्या विवरात पडलं, तर खरंच परत येता येत नाही का?"

इतकी वर्षं हे सगळं चष्मेवाल्याने एकट्याने वाचलं होतं. घरात कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. "बस," तो म्हणाला, "सांगतो."

सध्या मी टेबलावर असतो. खोकं रिकामं आहे आणि लेकीचं सामान कुठे ठेवायचं, हे कुणालाच सुचलेलं नाही. तुमच्याही घरात कुणी असं एकटंच वाचत बसत असेल, तर एकदा जवळ जाऊन विचारा, काय चाललंय त्यात? पण हातातली कामं आधी उरका. आमच्या घरी त्या एका प्रश्नाचं उत्तर अजून चालूच आहे.