समोरच्या संघातला वाघ्या

“वरड ना गो. तोंडाला काय झालाय तुझे?” सीताबाईंनी सखीला कोपराने ढोसलं.

सखी मैदानाकडेच बघत होती. समोरच्या संघाचा एक पोरगा चढाईला निघण्याआधी मातीला हात लावून कपाळाला नेत होता, आणि तो वाघ्या होता. तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा.

भिवंडीजवळच्या वडपे गावात येऊन तिला जेमतेम पावसाळा-हिवाळा झाला होता. नवरा भरत केसरीनाथशेठच्या गोदामात माल चढवायचा आणि शेठच्याच चाळीत त्यांची खोली होती. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या सखीशी सुरुवातीला कोणी धड बोलत नव्हतं. मग कबड्डीचे सामने लागले. गोदामातल्या सगळ्यांना आणि त्यांच्या बायकांनाही गावच्या संघाचे निळे टी-शर्ट वाटले गेले, आणि शेठच्या बायकोने, सीताबाईंनी, तिला हाताला धरून बायकांच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. लहानपणी मामाच्या खळ्यावर हुतूतू खेळलेली सखी पहिल्याच सामन्यात घसा बसेपर्यंत ओरडली. त्या दिवशी कुणीतरी तिच्या गालाला गुलाल फासला, आणि दुसऱ्या दिवसापासून नळावरच्या बायका तिला नावाने हाक मारू लागल्या. गाव आपलं वाटायला एवढं पुरे झालं होतं.

आजचा सामना शेवटचा होता. शहापूरकडच्या संघातून वाघ्या खेळणार हे तिला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या भरतनेही त्याला ओळखलं होतं. त्याने मान किंचित हलवून तिला खुणावलं, की गप्प राहा.

वाघ्या दोघांना शिवून परत गेला. मैदान एकदम शांत झालं. सखीचे हात टाळीसाठी उचलले गेले होते, ते तिने मांडीखाली दाबून धरले.

“या डोंगरवाल्यांना कशाला बोलवतात, काय म्हाईत,” सीताबाई पुटपुटल्या. शेजारी कोण बसलंय, याचं त्यांना भानच नव्हतं.

शेवटची चढाई आली तेव्हा गाव एका गुणाने पुढे होतं. वाघ्या आत शिरला आणि कोपऱ्यातून मितेशने त्याचा घोटा धरला. मितेश शेठचा मुलगा, गावच्या संघाचा कप्तान. वाघ्या मध्यरेषेकडे सरपटत हात लांबवत होता, तोच त्याच्यावर आणखी तिघे पडले आणि मितेशने घोटा सोडून त्याचा तो हात पिरगळला. गर्दीतून कोणी ओरडलं, “मोड त्याला.” मग तेच दहा तोंडांतून आलं. शिट्टी झाली तरी मितेशने वाघ्याचा पिरगळलेला हात लगेच सोडला नाही.

गाव जिंकलं. ढोल सुरू झाले, माणसं मैदानात घुसली, मितेशला खांद्यावर घेतलं गेलं. त्या पायांच्या गर्दीत वाघ्या कुशीवर पडून होता. त्याचे सवंगडी पलीकडून वाट काढायला बघत होते, पण त्यांना कोणी पुढे येऊ देत नव्हतं.

सखी उठली. सीताबाईंनी तिचं मनगट धरलं.

“कुठं निघालीस? बस खाली. तुझा कोन हाय तो?”

शेठची खोली, भरतचं काम, नळावरच्या हाका, सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

“माझे मामाचा पोर हाय, काकी,” ती म्हणाली.

सीताबाईंची पकड आपोआप ढिली झाली.

निळा टी-शर्ट घातलेली बाई पराभूत पोराकडे जाते आहे, हे बघून माणसं बाजूला झाली. काहींनी शिवी हासडली. सखीने खांद्यावरची ओढणी काढली, वाघ्याचा लोंबकळणारा हात छातीशी बांधला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि दात आवळून उठायची धडपड केली. तिला एकटीला तो उचलवेना. मागून कुणीतरी दुसऱ्या बाजूने वाघ्याच्या कमरेला हात घातला. तो भरत होता. त्याने एकदाही शेठ बसले होते तिकडे पाहिलं नाही.

भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी निखळलेला खांदा बसवला आणि चार-सहा महिने खेळायचं नाव काढू नको म्हणून बजावलं. पुढच्या महिन्यात वाघ्याची जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. ते त्याने रिक्षात बसल्यावर सांगितलं, तेही बाहेर बघत. सखीने त्याला घरी आणलं.

दिवेलागणीला तिने भात कालवला. उजवा हात बांधलेला होता, म्हणून ती त्याला भरवत होती. तेवढ्यात विजयाची मिरवणूक चाळीत शिरली. ढोलांच्या आवाजाने छपराचे पत्रे थरथरू लागले. वाघ्याने मान खाली घातली.

“दार लोटून घेऊ?” भरतने विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” सखी म्हणाली.

गुलालाने माखलेली माणसं दारावरून जाऊ लागली. पुढे ओवाळणीचं ताट घेतलेल्या सीताबाई होत्या. उघड्या दारापाशी त्यांची पावलं अडखळली, तोंडातली घोषणा अर्धीच राहिली. मागून रेटा आला तशा त्या पुढे गेल्या.

सखीने पुढचा घास वळला आणि वाघ्या मान वर करेपर्यंत तसाच धरून ठेवला.